हॉटेलात, हॉलमध्ये गाणी वाजवताय? रॉयल्टीचा दर कसा ठरतो, कसा वाचायचा आणि पटला नाही तर काय करायचं

नवीन कॅफे उघडतो, छतात चार स्पीकर बसतात आणि काही आठवड्यांत ईमेल येतो: तुमच्याकडे वाजणाऱ्या संगीतासाठी वार्षिक परवाना घ्या, दरपत्रक सोबत जोडलं आहे. बहुतेक मालक थेट शेवटच्या रकान्यातली रक्कम बघतात आणि तिथूनच तापायला लागतात. काही जण कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकतात, काही जण घाबरून मुकाट्याने भरतात. माझ्या मते दोन्ही चूक. दरपत्रकात आधी पाहायचं ते मोजमाप. दर चौरस फुटावर आहे, खुर्चीवर, कार्यक्रमावर, की तिकिटाच्या गल्ल्यावर? रुपयांचा आकडा त्यातूनच निघतो. तुमच्यावर अन्याय होत असेल, तर तो बहुधा त्या मोजमापातच लपलेला असतो.

हा लेख कॅफे-हॉटेलवाले, मंगल कार्यालयं आणि हॉल चालवणारे, कार्यक्रमांचे आयोजक अशा पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी आहे. कायदा भारतातला, म्हणजे कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्यातली २०१२ ची मोठी दुरुस्ती.

पहिली पायरी: गाण्याचे मालक मोजा

रेकॉर्ड झालेल्या एका गाण्यात निदान तीन हक्क असतात. शब्द आणि चाल हा पहिला, गीतकार-संगीतकारांचा आणि ज्यांच्याकडे त्यांनी तो सोपवला त्या प्रकाशकांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो सहसा म्युझिक कंपनीकडे असतो. तिसरा गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क. २०१२ नंतर व्यापारी वापरात त्यांनाही रॉयल्टीचा हक्क आहे.

म्हणून तुम्ही नेमकं काय करणार आहात ते आधी कागदावर लिहून काढा. समजा, डोंबिवलीत दिवाळी पहाट आहे. दोन गायक, तबला, पेटी, बासरी, निवेदक, जुनी भावगीतं. इथे कोणतंही रेकॉर्डिंग वाजत नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न येत नाही. प्रश्न फक्त शब्द आणि चालीचा. पण प्रेक्षक आत येताना साउंडवाल्याने पेनड्राइव्ह लावून अर्धा तास सनईचं रेकॉर्डिंग वाजवलं, की ध्वनिमुद्रणाचा हक्क आला. हा अर्धा तास आयोजकांच्या लक्षातच नसतो आणि नेमकी त्यावरच नोटीस येते. उलट कॅफेत फक्त रेकॉर्डिंग वाजतं, म्हणून तिथे शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण असे दोन्ही हक्क सुरुवातीपासून लागू असतात.

मग बघा की हक्क अजून जिवंत आहे का. शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. हे दोन्ही स्वतंत्र चालतात आणि मराठी कार्यक्रमांत इथेच गोंधळ होतो. तुकोबांचा अभंग कुणाच्याही मालकीचा नाही, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल असू शकते. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. दोघांनी मिळून केलेल्या गाण्याची १९६० साली निघालेली तबकडी मात्र २०२० अखेरीस मोकळी झाली. ती तबकडी हॉलमध्ये वाजवली तर ध्वनिमुद्रणाचे पैसे मागता येत नाहीत, शब्द आणि चालीचे येतात. ‘जुनी गाणी फुकट’ असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका.

स्पॉटिफाय किंवा यूट्यूबचं महिन्याचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व हा परवाना नव्हे. ते घरी, गाडीत, कानात ऐकण्यासाठी आहे. ‘आम्ही प्रीमियम भरतो’ हा बचाव रोज कुणीतरी करतं आणि तो कुठेही टिकत नाही.

दुसरी पायरी: परवाना लागतोच का, ते तपासा

कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. आपल्या कामाच्या चार.

गृहनिर्माण संस्थेचा बंदिस्त हॉल, जो रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी आहे, तिथे रहिवाशांसाठीची सोय म्हणून रेकॉर्डिंग लावलं तर परवाना नको. शब्द नीट वाचा: बंदिस्त खोली किंवा हॉल. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमांनाही हीच सूट. सोसायटीच्या मोकळ्या आवारात पास विकून केलेला गरबा यात बसवायचा प्रयत्न करू नका.

हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेलं सादरीकरण मोकळं आहे. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेलं सादरीकरणही, प्रेक्षक ठरावीक मर्यादेतले असतील तर. मानधन घेणारा ऑर्केस्ट्रा आणला की ‘हौशी’ हा शब्द गळून पडतो.

चौथी सवलत सर्वांत जास्त ताणली जाते. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात, किंवा केंद्र, राज्य सरकार वा स्थानिक प्राधिकरणाच्या अधिकृत समारंभात वाजवलेलं संगीत. कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळेही येतात. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकृत कार्यक्रमाला सूट आहे. गणपतीच्या आरतीला आहे. मंडळाने स्टेज बांधून, प्रायोजकांचे फलक लावून ठेवलेली लावणी-नाइट ‘विधीच्या ओघात’ आहे का, याचं उत्तर मंडळाच्या वर्गणी पुस्तकात सापडणार नाही. मी तरी तिथे परवाना काढण्याचाच सल्ला देईन.

लग्नाचं प्रकरण अजून धुमसतंय. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने, म्हणजे डीपीआयआयटीने, लग्नसमारंभात रॉयल्टी मागू नये अशी सार्वजनिक सूचना काढली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. कलमातली सूट गेली नाही, परिपत्रक गेलं. व्यवहारात याचा अर्थ असा की गोव्यातलं रिसॉर्ट किंवा पुण्यातलं बँक्वेट तुमच्याकडे लग्नाच्या संगीत-समारंभासाठी किंवा रिसेप्शनसाठी ना-हरकत मागत राहील, कारण त्यांनाही स्वतःची कातडी वाचवायची आहे. लेखी विचारा: कोणत्या कलमाखाली मागता? वाढदिवस, कंपनीची पार्टी, थर्टी फर्स्ट यांना मात्र ही सूट नाही.

हॉलमालकांनो, तुम्ही वेगळे नाही आहात. नफ्यासाठी जागा अशा वापराला दिली आणि तिथे हक्कभंग झाला, तर कलम ५१ खाली जागा देणाराही अडकतो, माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारण नव्हतं हे दाखवता आलं नाही तर. ‘परवाना डीजेवाला बघेल’ हे वाक्य भाडेकरारात लिहा किंवा लिहू नका, अंगावर येऊ शकतं. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

आणखी एक: पोलीस परवानगी, आवाजाची मर्यादा, रात्री दहाची वेळ, रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र यांचा रॉयल्टीशी संबंध नाही. ते कागद असले म्हणून हा कागद माफ होत नाही.

तिसरी पायरी: पत्र कुणाचं आहे?

इथे घाई करू नका. दर ठरवण्याचा अधिकार आणि त्यावरचा लगाम, दोन्ही पत्र पाठवणाऱ्याच्या कायदेशीर रूपावर अवलंबून आहेत.

आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था, मुख्यालय मुंबईत, शब्द आणि चालीचे हक्क बघते आणि २०१७ पासून पुन्हा नोंदणीकृत कॉपीराइट संस्था आहे, म्हणजे अनेक हक्कमालकांच्या वतीने परवाने देणारी, सरकारकडे नोंदलेली संस्था. आरएमपीएल ही ध्वनिमुद्रणांसाठी २०२१ मध्ये नोंदणी झालेली संस्था. गायक-वादकांसाठी इसाम्रा आहे. पीपीएल १९४१ पासूनची. ती एके काळी नोंदणीकृत होती, आज म्युझिक कंपन्यांनी सोपवलेल्या हक्कांची मालक म्हणून परवाने देते. नोव्हेक्सही काही कंपन्यांचे जागेवर वाजवण्याचे हक्क घेऊन तसंच करते.

नोंदणीकृत संस्थेला कलम ३३अ नुसार दरयोजना जाहीर करावीच लागते. २०१३ च्या नियमांप्रमाणे वापरकर्त्यांच्या वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळे दर दाखवावे लागतात आणि त्या दराविरुद्ध तुम्हाला अपील करता येतं. मालक म्हणून परवाने देणाऱ्या कंपनीवर हे बंधन आहे का, हाच गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा वाद. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की हक्कांचा मालक कलम ३० खाली स्वतःचे परवाने देऊ शकतो, त्यासाठी नोंदणीकृत संस्था असण्याची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, अझूर हॉस्पिटॅलिटी आणि पीपीएलच्या प्रकरणात, उलटी भूमिका घेतली: परवाने देण्याचा धंदा करायचा तर संस्था म्हणून नोंदणी करा किंवा नोंदणीकृत संस्थेचे सदस्य व्हा. तोवर आरएमपीएलच्या दराने पैसे द्यावेत असंही सांगितलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दराने पैसे देण्याच्या निर्देशाला स्थगिती दिली.

या वादाचं मूळ दरातच आहे. संस्थेच्या चौकटीबाहेर राहिलं तर दर तपासणारं कुणी उरत नाही, हा दिल्लीच्या निकालातला मुद्दा मला वजनदार वाटतो. पण महाराष्ट्रात तुम्ही मुंबईच्या निकालाखाली आहात, म्हणून ‘तुमची नोंदणीच नाही’ एवढ्यावर पत्र परत पाठवू नका. वकिलाला ताजी स्थिती विचारा.

उत्तरात चार गोष्टी मागा: तुम्ही नोंदणीकृत संस्था आहात की मालक, मालक असाल तर हक्क सोपवल्याचा दस्त, कोणत्या कंपन्यांची, कोणत्या भाषांतली गाणी तुमच्याकडे आहेत, आणि ज्यावरून रक्कम काढली ते पूर्ण दरपत्रक. तुमच्या मिसळीच्या हॉटेलात फक्त जुनी मराठी गाणी लागत असतील, तर हिंदी-पंजाबी नव्या गाण्यांचा साठा तुमच्या काय कामाचा, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चौथी पायरी: मोजमाप वाचा

आता मुख्य काम. सार्वजनिक सादरीकरणाच्या दरपत्रकांत साधारण ही मोजमापं दिसतात: जागेचं क्षेत्रफळ, बसण्याची क्षमता, हॉटेलच्या खोल्या, कार्यक्रमाला आलेली माणसं, तिकिटाचा दर किंवा एकूण गल्ला, आणि वाजण्याचे तास किंवा दिवस.

उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त हिशेबासाठी. दर चौरस फुटाला १० रुपये किंवा दर खुर्चीला ४०० रुपये असे दोन पर्याय आहेत असं धरा. ठाण्यातला ६०० चौरस फुटांचा कॅफे, खुर्च्या ३६, दाटीवाटीने. क्षेत्रफळावर ६,००० रुपये, खुर्चीवर १४,४००. कोल्हापूरच्या बाहेर हायवेला १,५०० चौरस फुटांचं बागेतलं हॉटेल, खुर्च्या ३०. क्षेत्रफळावर १५,०००, खुर्चीवर १२,०००. दर तेच, पण मोजमाप बदललं की ठाणेकर रडतो आणि कोल्हापूरकर हसतो, किंवा उलट. म्हणून संघटनेच्या बैठकीत ‘दर वीस टक्के कमी करा’ एवढीच मागणी घेऊन गेलात तर निम्म्या सदस्यांचं भलं होणार नाही.

क्षेत्रफळ असेल तर पुढचा प्रश्न: कोणतं? भट्टी, कोठार, पार्किंग, जिना धरून की फक्त ग्राहक बसतो तेवढं? संगीत पोचतच नाही अशा जागेचे पैसे कशाला? अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने ३,७५० चौरस फुटांपेक्षा लहान खाद्यगृहाला तिथे लावलेल्या रेडिओ-टीव्हीसाठी सूट दिली. न्यू जर्सीत वडापावचं दुकान काढणाऱ्या मराठी माणसाला ती मिळते, स्वतःची प्लेलिस्ट लावली तर नाही. आपल्या कायद्यात लहान दुकानासाठी अशी रेघ नाही. कटिंग चहाच्या टपरीपासून पंचतारांकित लॉबीपर्यंत सगळे तत्त्वतः एकाच रांगेत उभे आहेत, फरक फक्त दरपत्रकात. मला ही आपल्या कायद्यातली उणीव वाटते.

कार्यक्रमांत टप्प्यांकडे लक्ष ठेवा. ‘५०० पर्यंत इतके, ५०१ ते १,००० इतके’ अशी रचना असेल तर ५१० खुर्च्या मांडणं महाग पडतं. नाट्यगृहाची क्षमता ९०० आणि पास ४५० वाटले असतील, तर क्षमता धरायची की हजेरी? दरपत्रकात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा बारीक अक्षरात. टक्केवारीवर दर असेल तर गल्ल्याची व्याख्या बघा. दिवाळी पहाट विनामूल्य प्रवेशिकांवर असेल तर तिकिटाचा गल्ला शून्य, मग किमान रक्कम लागते. पण बँक, बिल्डर, ज्वेलर असे प्रायोजक असतील तर त्यांचा पैसा ‘उत्पन्न’ धरायचा का? माझं मत: कार्यक्रमाच्या आकर्षणातला मोठा वाटा गाण्यांचा असेल तर धरला जाणं गैर नाही, पण मग निवेदन, मंच, जेवण यांचा खर्च वजा करून. हे लेखी ठरवल्याशिवाय सही करू नका.

मोजमापावरचं भांडण किती खोल जातं हे रेडिओवरून कळतं. तो सार्वजनिक सादरीकरणाचा भाग नाही, प्रसारणाचा आहे, पण भारतात दर कसा ठरवावा याची सर्वांत मोठी लढाई तिथेच झाली. खासगी एफएमच्या सुरुवातीच्या काळात दर नीडल-अवरवर होता, म्हणजे प्रत्यक्ष गाणं वाजलं तेवढाच वेळ, आरजेची बडबड आणि जाहिराती वगळून. स्टेशनं म्हणाली, आमचा धंदाच या हिशेबात बुडतो. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने मोजमापच बदललं आणि ध्वनिमुद्रणांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असं ठरवलं. उत्पन्न नसेल तर रॉयल्टीही नगण्य. म्युझिक कंपन्या खवळल्या. डिसेंबर २०२० च्या अखेरीस बोर्डाच्या जागी आलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने पुन्हा नीडल-अवरकडे वळून शहरांच्या वर्गाप्रमाणे आणि वेळेच्या पट्ट्यांप्रमाणे दर लावले. दोन दशकांच्या या वादात टक्के आणि रुपये बदलत गेले, पण दोन्ही बाजूंची खरी ओढाताण तासावर की उत्पन्नावर यासाठीच होती. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रणाबरोबर शब्द-चालीसाठीही वेगळी रॉयल्टी द्यावी लागेल असं स्टेशनांना सांगितलं. तिथेही प्रश्न तोच: एका गाण्याचे किती मालक मोजायचे.

पाचवी पायरी: दरामागची कारणं विचारा

तुम्ही संस्थेच्या बाजूला बसला आहात असं समजा. दर कसा बसवाल? आधी वापरकर्त्यांचे वर्ग पाडायचे. मग प्रत्येक वर्गात संगीताचं काम काय ते बघायचं. डिस्कोथेकमध्ये गाणं हाच माल आहे, ते बंद केलं तर माणसं निघून जातील. थाळी हॉटेलात ते भाजीवरच्या कोथिंबिरीइतकं. कपड्यांच्या दुकानात मधलं काहीतरी. या वर्गांना एकाच पट्टीने मोजणारं दरपत्रक आळशी आहे, आणि असं आळशी दरपत्रक अपिलात लंगडतं.

नंतर तुलना. आधी झालेले करार काय सांगतात? इतर जागी तशाच वापराला किती मिळतं? न्यायालय किंवा मंडळाने काही पट्टी घालून दिली आहे का? रेडिओच्या दरासाठीच्या नियमांत प्रसारणाची वेळ, कृतींचा वर्ग, वापराचं स्वरूप आणि रॉयल्टीची चालू पातळी या गोष्टी विचारात घेण्यास सांगितलं आहे. जागेवरच्या वादनाला ते नियम थेट लागू नाहीत, पण वाटाघाटीत ही चार नावं घेतली की समोरचा माणूस तुम्हाला नवखा समजत नाही.

शेवटी वसुलीचा खर्च. शंभर लहान दुकानांकडून प्रत्येकी थोडी रक्कम गोळा करायला माणूस पाठवायचा तर त्याच्या पेट्रोलमध्येच रॉयल्टी जाते. म्हणून किमान रक्कम ठेवतात. ती वाजवी असू शकते, पण ती वर्षाची आहे की कार्यक्रमाची, शाखेची आहे की कंपनीची, हे बघा. जीएसटी बहुधा वेगळा येतो, तो धरूनच तुलना करा.

सहावी पायरी: अर्ज, घासाघीस, यादी

अर्जात खरं लिहा. खुर्च्या कमी दाखवल्या आणि तपासनीस फोटो काढून गेला की तुमचा पुढचा प्रत्येक युक्तिवाद संपला. दुकानाच्या परवान्यावरचं क्षेत्रफळ, अग्निशमनच्या कागदावरची क्षमता आणि अर्जातले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

घासाघीस होते, आणि तिला लाजू नका. हंगामी धंदा असेल, उदाहरणार्थ महाबळेश्वर किंवा कोकण किनाऱ्यावरचं हॉटेल जे पावसाळ्यात बंद असतं, तर वर्षाऐवजी महिन्यांप्रमाणे मागा. शाखा अनेक असतील तर एकत्र करार मागा. एकट्याने जाण्यापेक्षा हॉटेलवाल्यांच्या किंवा मंगल कार्यालयवाल्यांच्या स्थानिक संघटनेने गेलेलं बरं. फक्त आधी आपापसात ठरवा की कोणतं मोजमाप बहुतेकांना परवडतं. सगळं ईमेलवर. फोनवर मिळालेली ‘स्पेशल सूट’ पावतीवर कधी उमटत नाही.

गाण्यांची यादी देणं सगळे टाळतात, आणि मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. दिवाळी पहाटेला वीस गाणी झाली. आयोजकाने पैसे भरले, यादी दिली नाही. मग संस्थेला कसं कळणार की ते पैसे कोणत्या गीतकाराच्या वारसांकडे जायचे? ते सरासरीच्या हिशेबात जातात आणि सरासरीत हिंदी सिनेमाची नवी गाणी जिंकतात. गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, किती वेळा सादर झालं, एवढं लिहून कार्यक्रमानंतर लगेच पाठवा.

तुम्ही स्वतः चाली बांधत असाल तर हीच गोष्ट उलट्या बाजूने. आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या, प्रत्येक रचना नोंदवा, सहलेखकांचे वाटे आधी ठरवा. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीवरची रॉयल्टी, चित्रपटगृहात सिनेमा दाखवण्याखेरीज इतर वापरांसाठी, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने गीतकार-संगीतकाराला मिळालीच पाहिजे आणि ती करारात सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला मात्र सोपवता येते. ही २०१२ ची कमाई आहे, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ती लावून धरली होती. ‘सगळे हक्क कायमचे’ असं छापलेल्या कागदावर निर्माता सही मागेल. कलम १८ त्याला दाखवा.

सातवी पायरी: पटलं नाही तर

नोंदणीकृत संस्थेच्या दरयोजनेविरुद्ध कलम ३३अ खाली अपील करता येतं. पूर्वी ते अपील मंडळापुढे जायचं. २०२१ मध्ये मंडळच बरखास्त झालं, आता ते वाणिज्य न्यायालयापुढे किंवा उच्च न्यायालयाच्या वाणिज्य विभागापुढे जातं. दरयोजनेतला अवाजवी भाग, विसंगती किंवा तफावत काढून टाकण्याचे आदेश देता येतात. म्हणून अर्जात ‘दर फार जास्त आहे’ एवढं रडगाणं नको. ‘स्वयंपाकघराचं क्षेत्रफळ धरलं आहे’, ‘पार्श्वसंगीताला नाचगाण्याच्या वर्गात घातलं आहे’, ‘५०१ व्या माणसाला दर दुप्पट होतो’ असे मुद्दे मांडा.

एक अट लक्षात ठेवा. अपिलाआधी देय झालेली रक्कम भरावी लागते आणि निकाल लागेपर्यंत भरत राहावी लागते. वसुलीला सरसकट स्थगिती मिळत नाही. पण दोन्ही बाजू ऐकून अंतरिम दर ठरवून घेता येतो, आणि लहान व्यावसायिकासाठी खरा दिलासा तोच. निकालाला वर्षं लागू शकतात, अंतरिम दर तुलनेने लवकर मागता येतो.

मालक म्हणून परवाने देणाऱ्या कंपनीशी वाद असेल तर मार्ग अवघड. मालकाने परवाना नाकारला तर कलम ३१ खाली सक्तीचा परवाना, म्हणजे न्यायालयाने ठरवलेल्या दराचा परवाना, मागता येतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओच्या प्रकरणात म्हटलं होतं की अवाजवी अटी घालणं हेही नकार देण्यासारखंच ठरू शकतं. त्यासाठी तुमच्याकडे हवं: तुम्ही केलेला लेखी देकार, त्यातल्या दराचा हिशेब, त्यांचं उत्तर किंवा मौन. तारखांसकट. कार्यक्रम उद्या असेल तर यातलं काही कामाचं नाही. तेव्हा निषेध नोंदवून, ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भरा, पावती घ्या आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी पत्रव्यवहार त्याच आठवड्यात सुरू करा.